पानगळीतला पाऊस आणि गोल्फचं मैदान: चौथी ग्रीन पाण्याखाली, काय करू?

चिखलात_पाय

मंडळी, इथे गोल्फच्या मैदानांची देखभाल करणारे किती जण आहेत ठाऊक नाही, पण आता विचारल्यावाचून राहवत नाही. नऊ होलचं जुनं मैदान आहे. जमीन चिकण. ग्रीन्स, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, त्याच मातीचे उंचवटे करून बांधलेल्या, खाली खडीबिडी काही नाही. कामाला मला धरून तीन माणसं. उन्हाळा झकास गेला, लोक थांबून 'छान ठेवलंय' म्हणत होते. मग पानं पिवळी पडायला आणि आभाळ गळायला एकच गाठ पडली.

अकरा दिवसांत नऊ दिवस पाऊस. आमच्या पर्जन्यमापकात आज सकाळपर्यंत एकूण 118 मिलिमीटर. चौथ्या ग्रीनच्या पुढच्या अर्ध्या भागात बुटाचा तळ बुडेल इतकं पाणी उभं आहे. सातव्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, पाय ठेवला की जमीन गादीसारखी हलते. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, उतारावरची वाळू रात्रीत खाली येऊन बसते, सकाळी आम्ही ती फावड्याने वर चढवतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. आणि समितीचा दर दोन तासांनी एकच प्रश्न, मैदान कधी उघडणार?

नव्या ग्रीन्स बांधायला पैसे नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. आहे त्यात काय करता येईल ते सांगा.

जुना_माळी

पाणी बाहेर पडायचं तोंड शेवटचं कधी पाहिलंस?

ग्रीनवरचं नाही म्हणत. ग्रीनखालून किंवा शेजारून गेलेला पाइप ज्या चरात नाही तर ओढ्यात उघडतो, ते तोंड. जुन्या मैदानावर असा पाइप बहुधा असतोच. कुणीतरी कधीतरी टाकलेला असतो, नकाशा हरवलेला असतो, आणि टाकणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला असतो. ग्रीनवर पाणी साचलं की लोक ग्रीन खणायला धावतात. माझ्या अनुभवात दुखणं शंभर पावलं लांबच्या चरात निघतं.

आणि जायचं तर आत्ता, पाऊस चालू असतानाच. उघडीप मिळाल्यावर जाऊन काही दिसत नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे वाहतं पाणीच दाखवतं. फावडं घे, रंगीत खुंट्या घे. पाणी जिथे ग्रीनमध्ये शिरतं तिथे एक रंग, जिथे तुंबतं तिथे दुसरा. पाऊस उघडल्यावर त्या खुंट्या हाच तुझा नकाशा.

मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, शेडमध्येच राहू दे.

हिशेबी_बोका

मी मैदानावर काम करत नाही, आकडेमोड करतो, तेवढी माझ्याकडून.

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तुमची ग्रीन 450 चौरस मीटरची धरली तर 118 मिलिमीटर म्हणजे 53,100 लिटर. हे फक्त वरून पडलेलं. मागच्या टेकाडावरून वाहून आलेलं धरलेलंच नाही. फेअरवेचा एक हेक्टर घेतला तर आकडा जातो 11 लाख 80 हजार लिटरवर. स्पंज आणि बादली घेऊन हे उपसता येणार नाही.

पण खरी गोम जमाखर्चात आहे. उन्हाळ्यात कडक ऊन असलेल्या दिवशी गवत आणि जमीन मिळून 4 ते 5 मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. पानगळीच्या शेवटी दिवस लहान, आभाळ भरलेलं, हवा गार. तेव्हा हाच खर्च दिवसाला 1 मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. म्हणजे 30 मिलिमीटरची सर उन्हाळ्यात आठवड्यात उडून जाते, आता तीच महिनाभर ठाण मांडते. वरची वाट बंद झाली, राहिली खालची आणि बाजूची. 'उन्हाळ्यातही एवढाच पाऊस झाला होता, तेव्हा कुठे काय झालं' असं समितीत कुणी म्हणालं तर हे दाखवा.

चिखलात_पाय

बोकोबा, हे छापून शेडच्या दारावर लावलंय.

माळीदादा, तुमच्या सांगण्यावरून दुपारी भर पावसात गेलो. चौथ्याच्या डाव्या हाताला काटेरी झुडपांचं रान आहे, तिथे चर आहे हे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसालाच आठवत होतं. तासभर झुडपं तोडली. पाइपचं तोंड सापडलं, पण चराचा तळ गाळाने भरून पाइपच्या वर आला होता. म्हणजे तोंड मातीत पुरलेलं! फावड्याने गाळ ओढला, तरी पाणी येईना. मग हात घातला. आत पानांचा आणि मुळांचा दंडाएवढा बोळा, केसांच्या जटेसारखा गच्च. दोघांनी मिळून ओढला तेव्हा तो सुटला आणि मागून काळं पाणी असं उसळलं की मी बसकण मारली. नासक्या अंड्यांचा वास. कपडे दोनदा धुतले, अजून येतोय.

आता संध्याकाळी ग्रीनवरचं पाणी निम्म्यावर आलंय. उरलेलं हलत नाही. हा वास काय प्रकार आहे?

वाळूवाली

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. पाण्याने मातीतली पोकळी भरली की मुळांना हवा मिळत नाही. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून पसरतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात, सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. जमिनीतल्या लोहाशी त्याची गाठ पडली की काळा थर तयार होतो. आमच्या धंद्यात त्याला ब्लॅक लेयरच म्हणतात.

पाणी उतरलं की चौथ्यावरून सुरीने पाचरीसारखा एक तुकडा काढा, वीतभर खोल. मला तीन गोष्टी सांगा. वर थॅचचा, म्हणजे मेलेल्या काड्या-मुळांचा तपकिरी थर किती जाड आहे? काळा पट्टा आहे का, असला तर किती खोलीवर? आणि पांढरी मुळं कुठवर गेलीत?

उरलेलं पाणी हलत नाही याचा अर्थ पाइप मोकळा आहे पण वरचं पाणी तिथवर पोचतच नाहीये. मध्ये बूच बसलंय. माझी पैज थॅचवर.

फक्त_खेळतो

जरा वेगळा सूर लावतो, हलके घ्या. आम्ही वर्षाची वर्गणी भरतो. दोन थेंब पडले की दोरी लावून 'बंद'. पाण्यात चेंडू गेला तर नियमात सोय आहे ना? मग खेळू द्या की!

हिशेबी_बोका

घ्या. पडली काडी.

वाळूवाली

नियमात सोय आहे, बरोबर. पूर्वी कॅज्युअल वॉटर म्हणायचे, 2019च्या नियमांपासून टेम्पररी वॉटर म्हणतात. नियम 16.1. खेळाडू फटक्यासाठी उभा राहण्याआधी किंवा उभा राहिल्यावर, पाय मुद्दाम न दाबता, पाणी साचलेलं दिसलं पाहिजे. नुसती ओली, मऊ, चिखलाची जमीन त्यात बसत नाही. पाऊल टाकल्यावर क्षणभर पाणी चमकून गेलं तरी चालत नाही. ग्रीनवर चेंडू असेल तर पाणी तुमच्या पटच्या, म्हणजे होलकडे चेंडू ढकलायच्या फटक्याच्या, रेषेत आलं तरी दंडाशिवाय सुटका मिळते. बंकरमध्ये मात्र फुकट सुटका बंकरच्या आतच. बाहेर यायचं तर एक दंडाचा फटका. बंकर पार भरलाच असेल तर समिती स्थानिक नियम करून त्याला दुरुस्तीखालची जमीन ठरवू शकते, मग तो दंडही लागत नाही. निम्म्या समित्यांना हे माहीतच नसतं.

पण ही सगळी सोय चेंडूची झाली, गवताची नाही. नियम तुम्हाला पाण्यातून बाहेर काढतो, तुमच्या पायाखाली दबलेली माती कोण वर काढणार? ओल्या मातीचे कण एकमेकांवर घसरून घट्ट बसतात, मधली हवेची पोकळी जाते, आणि ती परत यायला वसंत उजाडतो. कधी तेवढ्यानेही भागत नाही. शिवाय ग्रीनवर सगळ्यांची पावलं सारखी पसरत नाहीत. होलभोवतीच्या चार-पाच पावलांत सगळे येऊन उभे राहतात. त्या चकतीचं काय होतं ते एकदा गुडघ्यावर बसून बघा.

जुना_माळी

ताईंशी सहमत. मी शब्द एवढाच वापरतो: वाफसा. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे, पाय रुतत नाही, औत चिकटत नाही, अशी अवस्था. गोल्फवाल्यांनी जगभरातून यंत्रं आणली, पण हा शब्द आणायचा विसरले. (म्हणजे त्यांच्याकडे ओलावा मोजायचं मीटर आहे, टक्के दाखवतं, तेही वापरावं. पण मीटर नसलं म्हणून अडत नाही.)

परीक्षा सोपी. चार बोटं खोलीवरची माती मुठीत घे, दाब. मूठ उघडल्यावर लाडवाला चकाकी दिसली आणि अंगठ्याने ढोसल्यावर तो नुसताच चेपला, तर वाफसा नाही. ढोसल्यावर भुगा झाला की यंत्र काढ. चिकण जमिनीत मधली वेळ फार थोडी मिळते, आज लोणी तर चार दिवसांनी वीट. ती वेळ पकडायची.

तोवर काय करायचं? ग्रीनवर साचलेलं पाणी रबरी पट्टीच्या स्क्वीजीने ढकलून काढ, पण उताराच्या दिशेने आणि ग्रीनच्या पुष्कळ बाहेर, नाहीतर घोळून परत येतं. ढकलणाऱ्याने ठरलेल्या एकाच वाटेने ये-जा करावी, खाली फळी टाकली तर उत्तम. कापणी पुढे ढकल. गवत वाढलं तर वाढू दे. उघडीप मिळाल्यावर पात्याची उंची वाढवून हाताने ढकलायच्या मोवरने काप, बसून चालवायच्या नाही. आणि ग्रीनच्या कडेने गोल फिरून वळायची सवय असेल तर पंधरा दिवस मोड. त्या एकाच पट्ट्यावर चाकं घासून घासून कडेचं गवत जातं.

फेअरवेवर गाड्या बंद, ढकलायच्या ट्रॉल्या बंद, पिशवी खांद्यावर. ओरडा होईल. होऊ दे.

चिखलात_पाय

दादा, इथेच माझी चूक कबूल करतो. गेल्या वर्षी याच दिवसांत वादळाने पडलेलं झाड हलवायचं होतं. समितीतल्या एकांनी घाई केली, मीही 'नको' म्हणालो नाही. भरलेला ट्रेलर सातव्या फेअरवेवरून नेला. दोन चाकोऱ्या उमटल्या. वरून माती पसरून, बी टाकून बुजवल्या. हिरव्या झाल्या, मी विसरलो.

काल खुंट्या मारल्या ना, त्या सातव्यावर दोन समांतर रांगांत उभ्या आहेत.

जुना_माळी

वरून बुजवलंस, खालचं तसंच राहिलं. चाकाखालची माती जी दाबली गेली ती घमेलं झाली, वरून हिरवा गालिचा अंथरला तरी घमेलंच. लांब दातांचं यंत्र मिळालं तर दोन्ही पट्ट्यांत वीतभर खोल भोकं पाडून जमीन उचकटावी लागेल. पण आत्ता अजिबात नाही! ओल्या चिकणमातीत दात घुसवलास तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी त्यात साचतं, आजूबाजूला जात नाही. कुंभाराच्या हाताचंच काम ते. वाफशाची वाट बघ. या हंगामात आला नाही तर पुढच्या.

नकाशेवाला

सगळं वाचलं. माफ करा, पण ही मलमपट्टी आहे. यूएसजीएने, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, 1960 साली ग्रीन बांधायची पद्धत छापली. वर साधारण 300 मिलिमीटर वाळूचं मिश्रण, खाली 100 मिलिमीटर खडी, त्याखाली पाइप. प्रयोगशाळेत मिश्रणातून तासाला किमान 150 मिलिमीटर पाणी जायला हवं अशी अट. एवढा पाऊस तुमच्याकडे पडतो का? एकदा खर्च करा आणि मोकळे व्हा.

वाळूवाली

नकाशेवाले, पैसे नाहीत हे त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय.

आणि 'मोकळे व्हा' हे काही खरं नाही. तशा ग्रीनवर मी बारा वर्षं काम केलंय. त्या रचनेची खुबीच अशी की बारीक वाळूतलं पाणी भरड खडीत सहज उतरत नाही. वाळूचा तळ जवळजवळ भरेपर्यंत ते खडीच्या डोक्यावर लोंबकळत राहतं. स्पंज ओला करून आडवा धरा, थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. तोच स्पंज उभा करा, पुन्हा धार लागते, कारण उंची वाढली. कोरड्या दिवसांत मुळांना ओल मिळावी म्हणून ही योजना आहे, आणि चांगली आहे. पण वर थॅच माजू दिलं तर ते 150 मिलिमीटर प्रयोगशाळेतच राहतात. माझ्याकडे अशाच ग्रीनवर पाणी उभं राहिलं होतं. खाली उत्तम वाळू, वर दोन बोटं गादी. वाळू कोरडी आणि गादीत पाणी! देखभाल चुकली की बांधकाम वाचवत नाही.

नकाशेवाला

गादीचा मुद्दा मान्य. बाकी मतावर ठाम.

चिखलात_पाय

वाळूवाली ताई, तुकडा काढला. थॅच 22 मिलिमीटर, पट्टी लावून मोजलं. पिळलं तर पाणी गळतं, अक्षरशः. काळा पट्टा सुमारे 60 मिलिमीटरवर, नखाएवढा जाड, तोच वास. पांढरी मुळं थॅचमध्येच घुटमळतायत, काळ्या पट्ट्याखाली एकही नाही.

म्हणजे पैज तुम्ही जिंकलात.

वाळूवाली

ही पैज हरायला आवडलं असतं.

22 बरंच झालं. मी 12-13च्या वर गेलं की अस्वस्थ होते. आत्ता करण्यासारखं एवढंच की वाफसा आला, निदान वरची तीन-चार बोटं घट्ट झाली, की बारीक भरीव दातांनी भोकं पाडा, काळ्या पट्ट्याच्या खालपर्यंत. हवा आत गेली की तो काळेपणा आपोआप ओसरतो, औषध लागत नाही. गंधक असलेलं काहीही टाकू नका, आयर्न सल्फेटसुद्धा नको. एरवी मी ते शेवाळावर आणि पात कणखर व्हायला आनंदाने वापरते, पण त्यातला सल्फेट म्हणजे त्या जिवाणूंचं खाद्य. नत्राचाही हात आखडता. रंग फिका दिसतो म्हणून खत मारलं तर पात लुसलुशीत होते आणि बुरशीला पंगत मिळते.

वाढ चालू होईल तेव्हा पोकळ दातांनी गाभे काढा, भोकं कोरड्या वाळूने काठोकाठ भरा, आणि त्यानंतर हलका हात ठेवून वरचेवर वाळू टाकत राहा. वर्षात एकदा ढीग ओतण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी चिमूट. एक वाळू धरलीत की तीच कायम. दरवर्षी वेगळी टाकली तर जमिनीत पापुद्रे होतात आणि प्रत्येक पापुद्र्यावर पाणी अडतं.

बुरशीवरून आठवलं. मायक्रोडोकियमचे डाग दिसतायत का? नाण्याएवढे, तांबूस-तपकिरी, कडेला ओलसर. गार हवा आणि तासन्‌तास ओली पात, एवढंच तिला लागतं. रोज पहाटे ग्रीनवरून लांब लवचीक काठी फिरवून दव झाडा. पाऊस नसला तरी. पानांचा खच ग्रीनवर रात्रभर ठेवू नका.

फक्त_खेळतो

एक प्रामाणिक प्रश्न. ग्रीनवर छोटी छोटी मातीची ढेकळं झालीत, पट वाकडा जातो. गांडुळं ना? रोलर का नाही फिरवत?

जुना_माळी

रोलरने ते ढेकूळ चपटं होतं आणि त्याखालचं गवत गुदमरतं. वर चिखलाचा पापुद्रा बसतो तो वेगळाच. ते सुकू दे आणि मग झाडूने किंवा त्याच दवाच्या काठीने पसरव, पाऊस असेल तर हात लावू नको. कापलेलं गवत उचलून न्यायचं, गांडुळाला आयतं खाद्य कमी मिळतं. बाकी गांडूळ जमिनीत भोकं पाडतंय, तुझ्या मैदानावर फुकट काम करणारा तो एकटाच आहे, त्याला फार दुखवू नये.

फक्त_खेळतो

पट चुकला तर आता गांडुळावर ढकलता येईल, हे बरंय.

चिखलात_पाय

बंकरचं कुणीच बोललं नाही. काल पुन्हा दोन तास वाळू चढवली.

वाळूवाली

चढवणं थांबवा. खालून आणलेली वाळू आता नुसती वाळू राहिलेली नाही, उतारावरची माती तिच्यात मिसळली आहे. तीच पुन्हा वर गेली की निचऱ्याच्या पाइपवर गाळ बसत जातो आणि वर्षा-दोन वर्षांत बंकरचं डबकं होतं. तळाशी बसलेली गाळाची साय आधी खरवडून फेकून द्या, मग उरलेली स्वच्छ वाळू चढवा, ओली असतानाच दाबून.

पण मुळात त्या बंकरमध्ये पाणी शिरतं कुठून? बंकरवर पडणाऱ्या पावसाने इतकी धूप होत नाही. वरच्या बाजूच्या गवतावरून प्रवाह येत असणार. कडेच्या वर पाऊलभर उंचीचा मातीचा वरंबा करून त्यावर हिरवळीचे तुकडे बसवा, पाणी बाजूने वळवा. अर्ध्या दिवसाचं काम.

अवांतर: एका ठिकाणी आम्ही हे पाणी इतकं छान वळवलं की ते थेट पुढच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, गेलं. वळवण्याआधी कुठे जाणार ते बघा.

चिखलात_पाय

(सोळा दिवसांनी)

उशिराबद्दल माफी. मध्ये पुन्हा 41 मिलिमीटर झाला, मग पाच दिवस उघडीप आणि वारा.

पाइपच्या तोंडाला जाळी लावली. पहिल्या जाळीची भोकं इतकी बारीक होती की एका रात्रीत पानांनी गच्च झाली, आता बोटभर भोकांची बसवली आहे. चर तोंडापासून पुढे वीसेक मीटर खणून उतार काढला, दोरी आणि पाणपातळी लावून, 100ला 1. आमच्या जुन्या माणसाने नुसत्या नजरेने उतार सांगितला होता, तोही तेवढाच निघाला. पाने उचलायला आता रोज सकाळी एक माणूस, दुसरं काही नाही.

चौथ्यावर नवव्या दिवशी मुठीतला लाडू फुटला. त्याच दुपारी बारीक दातांनी भोकं पाडली. होल मागच्या उंच भागात हलवलं, पुढच्या अर्ध्याला दोरी. समितीत बोकोबांचा कागद वाचून दाखवला, 'खर्च 1 मिलिमीटर' ऐकल्यावर एकदम शांतता झाली. वसंतात गाभे काढायला आणि वाळूला मंजुरी मिळाली, लेखी. डाग सहाव्यावर चार दिसले, दव झाडतोय, वाढलेले नाहीत.

दोन बंकरना वरंबे घातले, वाळू जागच्या जागी आहे. तिसऱ्याचं पाणी कुठे न्यावं अजून कळत नाही, ताईंच्या टीची गोष्ट ऐकून हात आखडला आहे.

सातवा फेअरवे तसाच. खुंट्या काढल्या नाहीत. काल मूठ भरून पाहिली, चकाकी आहे.

जुना_माळी

राहू देत खुंट्या. तिसऱ्या बंकरच्या वरचा एक फोटो टाक, पाऊस चालू असतानाचा.